कायलातली बोट आणि आपली खाडी



हिवाळा जवळ आला की मला तेच फोन येऊ लागतात. "मावशी, मुलांना घेऊन भारतात चाललोय. मुंबई, अलिबाग झालं की चार दिवस केरळ. तिथे आपल्या लोकांची सिनेगॉग दाखवणारी एक बोट आहे म्हणे. घ्यावी का?" अश्दोदहून विचारतात, बेरशेवाहून विचारतात, एकदा लंडनहूनही विचारलं. फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून या वेळी लिहूनच टाकते.

घ्या. जरूर घ्या. फक्त गाईड बोलेल ते सगळं औषधासारखं डोळे मिटून गिळू नका. आणि परत आल्यावर आपल्या रेवदंड्याच्या खाडीबद्दल मुलांशी चार शब्द बोला. केरळच्या बोटीत बसल्यापासून माझ्या डोक्यात जे घोळतंय ते या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे, पण आधी बोट.

कोचीच्या उत्तरेला परवूर नावाचं गाव आहे. केरळ सरकारच्या मुझिरिस वारसा प्रकल्पातर्फे तिथल्या जेट्टीवरून लहान बोटी सुटतात. परवूरचं सिनेगॉग, चेंदमंगलमचं सिनेगॉग, पालियम घराण्याचा वाडा, कोट्टप्पुरमचा पडका किल्ला अशा ठिकाणी बोट लागते. उतरायचं, बघायचं, पुन्हा बोटीत बसायचं. आम्ही सगळी फेरी केली नाही. परवूर ते चेंदमंगलम आणि परत, एवढीच अर्ध्या सकाळची. आमच्या तियुलमध्ये साठीच्या पुढचे बरेच होते, गुडघे सगळ्यांचेच कुरकुरणारे, त्यामुळे तेवढंच पुष्कळ झालं.

तिथल्या पाण्याला मल्याळी लोक कायल म्हणतात. आपण कोकणातले लोक चटकन खाडी म्हणू, पण ही खाडी नाही. आपली खाडी म्हणजे नदीच्या मुखातून आत शिरलेला समुद्र. कायल म्हणजे समुद्राला समांतर पसरलेला पाण्याचा लांबच लांब पट्टा, मधे वाळूची आणि माडांची भिंत. वेंबनाडचं कायल सुमारे ९६ किलोमीटर लांब आहे आणि २००२ पासून ते रामसरच्या जागतिक पाणथळ यादीत आहे. समुद्राला कायम उघडी असलेली तोंडं दोनच, एक कोचीला आणि दुसरं उत्तरेला मुनंबमपाशी. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी भरतं, उन्हाळ्यात भरतीबरोबर खारं आत शिरतं. त्या हिशोबाने तिथले शेतकरी पोक्कळी नावाचा भात पिकवतात. पावसात भात, आणि भात कापला की त्याच खाचरात उघाडीतून खारं पाणी घेऊन कोळंबी. बांध, उघाडी, खारं पाणी, उंच वाढणारा भात: माझी आजी खारेपाटातली होती, ती असती तर तिने बोटीतूनच त्या बांधाची डागडुजी कुठे राहिली आहे ते दाखवलं असतं.

पाणी संथ असतं. इतकं संथ की डोळा लागतो. जलपर्णी मात्र फार आहे. दक्षिणेला तण्णीरमुक्कमला भातशेती वाचवण्यासाठी १९७० च्या दशकात मोठा बंधारा घातला, उन्हाळ्यात खारं पाणी वर चढू नये म्हणून. शेती वाचली, पण दारं बंद असताना पाणी हलेना, घाण वाहून जाईना, मासळी घटली. शिरेवर पट्टी फार वेळ घट्ट बांधून ठेवली की पुढे काय होतं ते नर्सला वेगळं सांगावं लागत नाही.

या पाण्याच्या आसपास कुठेतरी मुझिरिस होतं, तमिळ कवितेतलं मुचिरी, रोमन लोकांचं मिऱ्यांचं बंदर. व्हिएन्नात एक पपायरस आहे, दुसऱ्या शतकातला. त्यात मुझिरिसहून माल घेऊन निघालेल्या हर्मापोलोन नावाच्या जहाजाचा हिशोब लिहिला आहे. परवूरजवळ पट्टणम गावात २००७ पासून खोदकाम झालं. रोमन कुपींचे तुकडे, विटांचा धक्का आणि चिखलात जपून राहिलेली एक लाकडी होडी मिळाली. पट्टणम म्हणजेच मुझिरिस की नाही यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. गाईडचं मात्र झालेलं असतं. १३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला, जुन्या बंदराचं तोंड गाळाने भरलं आणि कोचीचं तोंड उघडलं, असं सांगतात. व्यापार कोचीकडे सरकला आणि मागोमाग लोकही सरकले.

इथवर गाईड छान सांगत होता. पोरगा पंचविशीचा, इंग्रजी स्वच्छ, मला "अम्मा" म्हणत होता. जेवणाची चौकशी करताना त्याने विचारलं, करिमीन चालेल का. करिमीन म्हणजे आपली कालुंदर, खवल्यांची, बिनधास्त खावी. कोळंबीला मी हात जोडले. तेव्हा त्याला आपली दाविद राहाबीची गोष्ट सांगितली. तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोटीतल्या इतरांना नव्हती. राहाबीने कोकणात येऊन आपल्या बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली आणि शिजवायला सांगितलं. त्यांनी खवल्यांची मासळी तेवढी उचलली, बिनखवल्यांची बाजूला सारली, आणि त्यावरून त्याने ओळखलं की हे तेली लोक कोण आहेत. राहाबी नेमका कधी आला यावर आपल्यात वाद आहे. कोणी हजार वर्षांपूर्वी म्हणतात, कोणी अठराव्या शतकातल्या कोचीच्या राहाबी घराण्याशी त्याचा धागा जोडतात. पण ज्या पाण्यावर आमची बोट चालली होती तिथल्या माणसाने आपली ओळख बायकांच्या विळीवर पटवली, आणि शास्त्र पुढे शिकवलं, एवढं दोन्ही बाजूंना मान्य असावं.

आता तक्रारी. माझ्या तीन आहेत.

पहिली शब्दाची. गाईड प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य म्हणत होता: इथे ज्यू राहत होते, मग ते गेले. परवूरला गेले, चेंदमंगलमला गेले. "गेले" हा शब्द वॉर्डात आम्ही कोणत्या अर्थाने वापरायचो ते सांगायला नको. आमच्याच बोटीत मागच्या बाकावर नेवातिमची एक बाई बसली होती. तिची आजी चेंदमंगलमची. तिसऱ्यांदा "गेले" ऐकल्यावर ती हिब्रूत मला म्हणाली, "याला सांग, आम्ही गेलो नाही, आम्ही पोचलो." मी सांगितलं. पोरगा क्षणभर गडबडला, मग त्याने तिला पुढे बोलावलं आणि पुढची दहा मिनिटं ती बोलली, तो ऐकत होता. माझ्या मते त्या सकाळची खरी सहल ती दहा मिनिटं.

कोचीनी मंडळी १९४८ साली होतीच जेमतेम अडीच हजार. पन्नाशीच्या दशकात त्यातली बहुतेक इस्राएलला आली आणि नेवातिम, मेसिलात त्सियोन, ताओझ, अशा मोशावांत जाऊन बसली. समुद्रकाठच्या, माडाखालच्या माणसांनी नेगेवच्या वाळूत कोंबड्या पाळल्या, फुलं पिकवली. तो पुढचा भाग बोटीवर कोणी सांगत नाही. त्यामुळे प्रवाशाला वाटतं एक सुंदर वंश होता, तो संपला, त्याची आता रंगरंगोटी केलेली घरं उरली. आपल्याबद्दलही अलिबागला असंच बोलायला लागले आहेत. मी कानांनी ऐकलं आहे: "पूर्वी इथे इस्राएल लोक होते." अहो, आळीत अजून घरं आहेत, सणाला शोफार वाजतो!

दुसरी तक्रार मोठी आहे. चेंदमंगलमला देऊळ, मशीद, चर्च आणि सिनेगॉग एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. हे खरंच आहे, आणि डोळे भरून यावेत असंच आहे. भारतात आपल्या लोकांना धर्मापायी फारसं कोणी छळलं नाही हेही खरं, ते आपण जगाला सांगतो आणि सांगत राहावं. पण बोटीवरची कथा तिथेच थांबते, जणू सगळे सगळ्यांशी सदैव गोडीगुलाबीने राहिले. मट्टनचेरीच्या परदेसी सिनेगॉगमध्ये तर प्रवासी १७६० चा घड्याळाचा मनोरा आणि चिनी फरशा बघतात आणि बाहेर पडतात. त्याच सिनेगॉगमध्ये गुलामगिरीतून मोकळ्या झालेल्या यहुदी कुटुंबांच्या वंशजांना पिढ्यानपिढ्या आत बाकावर जागा नव्हती. ते बाहेरच्या ओट्यावर किंवा जमिनीवर बसत. तोरा वाचायला त्यांना बोलावत नसत. "गोऱ्यां"शी लग्न तर लांबच. त्यांच्यातलाच एक मुलगा अब्राहम बराक सालेम, १८८२ चा जन्म, वकील झाला, गांधीजींचा मार्ग उचलला आणि आपल्याच सिनेगॉगमध्ये सत्याग्रह केला. वर्षं लागली, पण त्या भिंती ढिल्या झाल्या. पुढे त्याच्याच मुलाने परदेसी घराण्यातल्या मुलीशी लग्न केलं तेव्हा केवढा गहजब झाला! सालेम १९६७ साली वारले. त्यांचं नाव आमच्या गाईडने घेतलं नाही. मी विचारल्यावर म्हणाला, प्रवाशांना असं ऐकायला आवडत नाही, अम्मा.

आवडत नसेलही. इंजेक्शनही कोणाला आवडत नाही.

आणि हे मी कोचीनवाल्यांकडे बोट दाखवायला लिहीत नाही. आपल्यातही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल होते की नाही? वयाने माझ्याबरोबरचे जे आहेत त्यांनी आजीच्या तोंडून ऐकलं असेल, की अमक्या घरी जेवायला बसायचं नाही, त्यांची भांडी वेगळी, त्यांच्यात मुलगी द्यायची नाही. आजूबाजूच्या गावकीत जे चालत होतं ते आपणही उचललं. आणि मग इस्राएलला आल्यावर तोच काटा उलटा आपल्या पायात शिरला. १९६२ साली रब्बीनेटने फर्मान काढलं की बेने इस्राएल माणसाशी लग्न लावायचं तर आधी त्याच्या आई-आजीची वंशावळ तपासा. हुप्पेची तारीख ठरलेल्या मुली घरी बसल्या. आपली माणसं मुलाबाळांसकट जेरुसलेमला जाऊन बसली, निदर्शनं केली. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटला ठरावाने सांगावं लागलं की हे लोक सर्व बाबतीत पूर्ण यहुदी आहेत. हे आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवं. पण सांगताना गोऱ्या-काळ्याचं पान फाडून टाकलं तर नातवंडांना वाटेल की अन्याय करणारे नेहमी दुसरेच असतात. माझ्या मते दोन्ही पानं एकाच वहीत राहिली पाहिजेत, आणि उद्या आपली बोट निघालीच तर तिच्यावरही दोन्ही वाचली पाहिजेत. यावर मला रागाची पत्रं येतील याची कल्पना आहे.

तिसरी तक्रार गाईडवर नाही, आपल्यावर आहे. परदेसी सिनेगॉगमध्ये ताम्रपट आहेत, इसवी सन १००० च्या सुमाराचे, राजा भास्कर रविवर्म्याने जोसेफ रब्बानला दिलेल्या बहात्तर हक्कांचे. चेंदमंगलमच्या अंगणात सारा बत इस्राएल नावाच्या बाईचा थडग्याचा दगड उभा आहे, १२६९ सालचा. भारतात हिब्रू अक्षरं कोरलेला एवढा जुना दगड दुसरा सापडलेला नाही असं मानतात. आमच्यातले एक गृहस्थ, सगळा जन्म बँकेत गेलेले, त्या दगडाशी उभे राहून हळूच म्हणाले, "आपल्याकडे असं काही नाही हो."

हा सुस्कारा मी फार वर्षं ऐकते आहे. ताम्रपट नाही, शिलालेख नाही, राजाने दिलेली पालखी नाही. नवगावच्या किनाऱ्यावर बोट फुटली, सात जोडपी वाचली, वाहून आलेल्यांना तिथेच पुरलं, पोथ्या समुद्रात गेल्या, उरला तो शेमा आणि शनिवार. कागद नाही म्हणून आपण स्वतःच्या गोष्टीला दबक्या आवाजात "आख्यायिका" म्हणतो. अहो, घाण्याला शनिवारी बैल जुंपायचा नाही, हा हिशोब शतकानुशतकं पाळणं हा ताम्रपटापेक्षा हलका पुरावा आहे का? आणि आडनावं? केहीमकर, पेणकर, दिवेकर, अष्टमकर, नवगावकर. राजाने एका माणसाला एक पट दिला. आपल्याला रायगडच्या शेकडो गावांनी आपलं नाव दिलं.

आणि कोचीशी आपला जो धागा आहे तो तर कागदावरच आहे, पण त्या बोटीवर तो कोणालाच ठाऊक नव्हता. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल एझिकेल दिवेकर, कंपनीच्या फौजेतले अधिकारी. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले, सुटले, आणि मुंबईत १७९६ साली शाआर हाराहामीम बांधलं, ज्याला आपण जुनी मशीद म्हणतो. सिनेगॉग उभं राहिलं, पण सेफेर तोरा कुठून आणायची? ती मिळवायला ते कोचीला गेले, आणि १७९७ साली तिथेच वारले. तिथल्याच मातीत आहेत. पुढच्या शतकात कोचीहून हाजान आणि शिक्षक आपल्याकडे आले, मुंबईत आणि कोकणातल्या गावोगावी फिरले. शेलोमो सालेम शुर्राबींसारख्या माणसाने तर अख्खी हयात आपल्या मुलांना प्रार्थना शिकवण्यात घालवली. म्हणजे आपण त्या बोटीत बसतो ते पाहुणे म्हणून बसत नाही. आपल्या गुरुजींच्या गावी आलेलो असतो. बँकवाल्या गृहस्थांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग आधी का नाही सांगितलंत! तर आता सगळ्यांना सांगते आहे. केरळला जाणार असाल तर मुलांना विमानातच दिवेकरांची गोष्ट सांगून ठेवा.

जाता जाता नर्सचे दोन शब्द, कारण फोनवर तेही विचारतात. जानेवारीतही तिथे दमट असतं. पाण्याची गोळी, म्हणजे लघवी जास्त करणारी, घेणाऱ्यांनी त्या दिवशीची वेळ आपल्या डॉक्टरला विचारून ठरवावी, स्वतःच बंद करू नये. लहान बोटीत सोय असेलच असं धरून चालू नका, जेट्टीवरच उरकून घ्या. बोटीत पाऊल टाकताना मदतनिसाचा पंजा धरू नका, मनगट धरा, आणि त्यालाही तुमचं मनगट धरू द्या, घामाने पंजा निसटतो. लाइफ जॅकेटचा पट्टा लावायचा. ते नुसतं खांद्यावर टाकण्याला काही अर्थ नाही. मधुमेहवाल्यांनी खिशात खाऊ ठेवावा.

आता आपल्या खाडीकडे येते.

परत आल्यापासून आमच्या गटात एक चर्चा चालू आहे. केरळने केलं ते रायगडला का होऊ नये? रेवदंड्याला कुंडलिका समुद्राला मिळते. एका बाजूला रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट, समोर कोर्लईचा किल्ला, जिथल्या गावात आजही पोर्तुगीज मुळाची बोली बोलतात. मागे चौल, अरबांचं सैमूर, एके काळचं मोठं बंदर. रेवदंड्यात बेथ एल सिनेगॉग आहे. खाडी संथ, वर रोह्याच्या दिशेने जाते आणि त्या काठाने आपल्या किती घरांची मुळं आहेत. पूल व्हायच्या आधी पलीकडे तरीतूनच जात असत. तासाभराची बोट सहज फिरेल. नवगावसमोर मात्र लहान बोट नेण्याचा हट्ट कोणी धरू नये. तिथे उघडा समुद्र आहे, खडक आहेत, आणि आपल्या पूर्वजांनी त्याचा अनुभव एकदा घेतलेला आहे. नवगावला गाडीनेच जावं, स्मारकाशी उभं राहावं, कद्दीश म्हणावा. मुंबईहून मांडव्याला तर आता गाड्या घेऊन जाणारी मोठी बोटही आहे, २०२० पासून. समुद्राने येण्याची हौस तिथे भागते.

काहींना ही कल्पनाच आवडत नाही. आजोबांचं गाव म्हणजे काय जत्रा आहे का, असं एका ज्येष्ठांनी मला सुनावलं. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. परवूरचं सिनेगॉग १६१५ चं. दारावरची देवडी, लांब सज्जा, बायकांच्या गॅलरीपाशी माडीवरची दुसरी तेबा, सगळं नीट दुरुस्त केलं आहे, फरशी चकचकीत. पण मूळ हेखाल आता आपल्या इस्राएलमध्ये आहे, तिथे उभी आहे ती नक्कल. तिकीट काढून आत जायचं, मिनयान नाही, प्रार्थनेचा आवाज नाही. मला दुरुस्ती झालेल्या पेशंटसारखं वाटलं, सगळे रिपोर्ट उत्तम, फक्त श्वास नाही. पण दुसरी बाजू पण बघा. मट्टनचेरीच्या कडवुंभागम सिनेगॉगचं नक्षीचं लाकूडकाम जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आणून जोडलं म्हणून वाचलं. मागे कोचीला जी रिकामी वास्तू राहिली ती २०१९ च्या पावसात कोसळली. कोणी बघत नसेल तर भिंत पडते. कोकणच्या पावसाला तर निमित्तच लागतं.

म्हणून माझं मत असं आहे, आवडो वा न आवडो. बोट व्हावी. पण सिनेगॉगची चावी आपल्या मंडळींच्याच हातात राहावी, म्युझियमच्या नाही. आज अलिबागला, रेवदंड्याला, पेणला जी थोडी घरं उरली आहेत, दिवा लावतात, सणाला दार उघडतात, त्यांना विचारल्याशिवाय एक पाटीसुद्धा लागू नये. शाब्बाथला आणि सणाला बोट बंद. बेथ हायिम, म्हणजे कबरस्तान, प्रवाशांच्या यादीत नको. ज्याचं कोणी तिथे आहे तो आपला आपण जाईल. आणि गाईड गावातलाच हवा, कोळी असो, आगरी असो, कोणी असो. मराठी बोलणारा, ज्याच्या आजीने आपल्या आजीकडून तेल घेतलं असेल असा. त्याला पोट भरायला काम मिळेल आणि आपली गोष्ट गावात राहील. खाडीत कारखान्याच्या बार्जी येतात जातात, भरतीची वेळ सांभाळावी लागेल, पावसाळ्याचे चार महिने सगळं बंद राहील, परवानग्यांच्या फायली फिरतील. यातलं काहीच मी तेल अवीवच्या पलीकडे बसून सोडवू शकत नाही, आणि सोडवते असा आव आणणारही नाही.

पण गाईडने काय बोलायचं ते लिहून देणं हे काम मात्र आपलंच आहे, आणि ते इथे बसूनच होईल. केरळात हे काम काही अंशी झालं. कोचीनच्या बायका लग्नात, सणात मल्याळम गाणी म्हणत, वह्यांमध्ये उतरवून ठेवत. त्या वह्या अभ्यासकांनी घरोघर फिरून गोळा केल्या, आणि २००५ साली त्यातली गाणी जेरुसलेमहून पुस्तकात आली. आपल्याकडे केहीमकरांनी १८९७ साली इतिहास लिहून ठेवला. तोही छापायला चाळीस वर्षं गेली, १९३७ साली तेल अवीवला निघाला. त्यानंतर आपल्या आज्यांच्या वह्या कोणी मागितल्या? मलिद्याची गाणी, हळदीची गाणी, एलियाहू हान्नाबीची, कीर्तनं. कपाटात आहेत, किंवा आवराआवरीत रद्दीत गेली.

तर ज्यांच्या घरी अजून कोणी ऐंशीच्या पुढचं आहे, त्यांनी या हनुक्काच्या आत त्यांच्याजवळ बसून काही गोष्टी विचारून घ्या. गाव कोणतं, आळी कोणती. कोणत्या खाडीने जायचे, मचवा की होडी, तांडेल कोण होता, उतारू किती. घाणा कुठे होता आणि बैलाचं नाव काय. शनिवारी शेजारी काय म्हणायचे. कोणाच्या घरी जेवत नव्हते आणि का, हेही विचारा, आणि उत्तर आलं तर खोडू नका. ते बोलत असताना मधे दुरुस्त करू नका. साल चुकलं तरी चालेल, साल नंतर शोधता येतं. फोनवर आवाज टेप करा, जुन्या वहीचे फोटो काढा, आणि मला पाठवा. अक्षर लागत नाही म्हणून ठेवून देऊ नका. डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात माझी पस्तीस वर्षं गेली आहेत, मला लागेल.